झिका विषाणूचे रेणवीय निदान
एडिस प्रजातीच्या डासांच्या दंशाने पसरणाऱ्या झिका ज्वराची विषाणूच्या रेणूंवरून केलेली निश्चिती. हा विषाणू १९४७ मध्ये युगांडातील झिका अरण्यात एका माकडाच्या रक्तात प्रथम आढळला. महाराष्ट्रात पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर येथे आढळला. २०२४ मध्ये पुणे व संगमनेर येथे रुग्ण आढळले. या ज्वराची लक्षणे डेंग्यूसारखी असून दोहोंची प्रतिपिंडे परस्परांच्या चाचणीत प्रतिक्रिया देतात. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत विषाणूच्या रिबोन्यूक्लिइक अम्लाचे डीएनएत रूपांतर करून त्याचा विशिष्ट भाग बहुगुणित करतात व ओळखतात. हे अम्ल रक्तात साधारणतः आठवडाभरच सापडत असल्याने नमुना वेळीच घ्यावा लागतो. संसर्गामुळे गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. त्यामुळे गर्भिणींच्या बाबतीत अचूक निदानास विशेष महत्त्व आहे.