पेंडीतले विष दुधात कसे उतरते

शेंगदाणा पेंड, सरकी पेंड किंवा मक्याचा भरडा ओलसर जागी साठवला, की त्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्याचे कारण शोधताना ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत हे विष सापडले. त्याच्या प्रकारांपैकी बी-1 हा सर्वांत घातक. बुरशी मेली किंवा झटकून टाकली तरी विष खाद्यातच राहते. त्यामुळे पेंड वरून स्वच्छ दिसते, एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही.

बुरशीची विषे अनेक आहेत, आणि जनावराच्या शरीरात प्रत्येकाची वाट वेगळी असते. गाय, म्हैस, शेळी या रवंथ करणाऱ्या जनावरांना पहिले संरक्षण मिळते ते कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांचे. ओक्राटॉक्सिनचे हे सूक्ष्मजीव दोन तुकडे करतात आणि त्याचा विषारीपणा बराच ओसरतो. गहू-मक्यावरच्या बुरशीतून येणारे डीऑक्सिनिव्हॅलेनॉलही ते सौम्य करतात. डुकराला हे संरक्षण नाही. त्याच्या रक्तातल्या प्रथिनांना ओक्राटॉक्सिन चिकटून राहते, ते बाहेर पडायला वेळ लागतो आणि मूत्रपिंडे बिघडतात. फ्युमोनिसिन हे मक्यातले विष आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. बहुतेक भाग शेणावाटे निघून जातो. झिअरालेनोनची गोष्ट मात्र उलटी आहे. शरीरात त्याचे जे रूपांतर होते, त्यातला एक पदार्थ मूळ विषाहून अधिक प्रमाणात स्त्री-संप्रेरकासारखा वागतो. डुकरिणीत हाच पदार्थ जास्त तयार होतो, म्हणून तिच्या माजावर आणि गाभण राहण्यावर परिणाम लवकर दिसतो.

अफ्लाटॉक्सिनपुढे कोठीपोटाचे फारसे चालत नाही. ते आतड्यातून रक्तात आणि रक्तातून यकृतात जाते. तेथील विकरे त्यावर काम करतात, पण त्या कामाचे फळ दुहेरी असते. एका वाटेने अतिशय क्रियाशील असे रूप तयार होते. ते ग्लुटाथायोनशी बांधले गेले तर पित्त आणि मूत्रावाटे बाहेर पडते. तसे झाले नाही तर पेशीतल्या डीएनएला चिकटून यकृताला इजा करते आणि कर्करोगाचे बीज पेरते. दुसऱ्या वाटेने बी-1 पाण्यात अधिक विरघळणारे होते. या रूपाला एम-1 म्हणतात. ते मूत्रातून जाते, तसेच कासेतून दुधातही उतरते.

गाईने खाल्लेल्या बी-1 पैकी साधारण 1 ते 2 टक्के भाग एम-1 होऊन दुधात येतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईंत हे प्रमाण 6 टक्क्यांपर्यंत आढळले आहे. हिशेब असा: किलोला 100 मायक्रोग्रॅम विष असलेले खाद्य गाईने 5 किलो खाल्ले, तर पोटात 500 मायक्रोग्रॅम गेले. त्याचे 2 टक्के म्हणजे 10 मायक्रोग्रॅम. दूध 10 लिटर असेल, तर लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम. भारतात दुधातील एम-1 ची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हे दूध मर्यादेच्या जवळपास दुप्पट दूषित ठरते. युरोपीय संघाची मर्यादा तर 0.05 आहे.

दूषित खाद्य सुरू झाल्यावर दिवसभरातच एम-1 दुधात दिसू लागते आणि खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत बरेचसे नाहीसे होते. दूध उकळून किंवा पाश्चरीकरण करून ते नष्ट होत नाही. ते केसीन या प्रथिनाला धरून राहत असल्याने पनीर आणि चीजमध्ये त्याची तीव्रता वाढते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून घेतलेल्या 6,432 नमुन्यांपैकी 368 नमुन्यांत एम-1 मर्यादेहून जास्त होते. दुधात पाणी किंवा युरिया मिसळण्याची चर्चा नेहमी होते; हे विष मात्र कोणीही न मिसळता, चाऱ्यातून येते.

कोंबड्यांच्या अंड्यांत अफ्लाटॉक्सिन दुधाच्या मानाने फारच कमी उतरते. नुकसान होते ते पक्ष्याचे: यकृत सुजते, वाढ खुंटते, अंडी घटतात आणि लसीचा परिणाम कमी होतो. बदके व टर्की यांना तर थोडे विषही झेपत नाही. मोठ्या जनावरांपेक्षा वासरे अधिक नाजूक असतात.

बेंटोनाइटसारखी माती खाद्यात मिसळली तर ती आतड्यात अफ्लाटॉक्सिनला धरून शेणावाटे बाहेर नेते. इतर बुरशीविषांवर तिचा उपयोग कमी होतो. म्हणून खरा इलाज साठवणीतच आहे. मका नीट वाळवूनच भरावा, पोती जमिनीला व भिंतीला न टेकवता फळ्यांवर रचावीत, गळके छप्पर पावसाआधी दुरुस्त करावे आणि ढेकळे झालेली किंवा कुबट वासाची पेंड दुभत्या जनावरापुढे टाकू नये. दुधात आलेले विष घरी काढता येत नाही. ते गव्हाणीत येण्याआधीच अडवावे लागते.