रूबीबाई पेन-स्कॉट

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नारायणगांव लागतें. तेथून जवळच, खोडद येथें, 45 मीटर व्यासाच्या जाळीदार थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. अशा एकंदर 30 थाळ्या सुमारें 25 किलोमीटरांच्या परिसरांत विखुरलेल्या आहेत. त्या पाहून परततांना आमच्या घरच्या मुलांनीं विचारलें, "इतक्या लहान लहान करण्यापेक्षां एकच मोठी थाळी कां नाहीं केली?" प्रश्न रास्त होता. दूरदूरच्या थाळ्यांवर पडलेल्या रेडिओलहरी एकत्र आणून गणित केलें, म्हणजे त्या साऱ्या परिसराएवढ्या एकाच थाळीचा बारकावा हातीं येतो, हें त्याचें उत्तर. ह्या युक्तीचें बीज लंडनच्या रॉयल सोसायटीनें 1947 सालीं छापलेल्या एका निबंधांत सांपडतें. त्यावर मॅकक्रेडी, पॉसी आणि पेन-स्कॉट अशीं तीन नांवें आहेत. त्यांतील तिसरें नांव एका स्त्रीचें आहे, व तिचीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

रूबी पेन-स्कॉट ह्यांचा जन्म 1912 सालीं ऑस्ट्रेलियांतील ग्राफ्टन गांवीं झाला. सिडनी विद्यापीठांत त्यांनीं पदार्थविज्ञानाची पदवी उत्तम प्रकारें मिळविली. परंतु असल्या विद्येच्या स्त्रीला त्या काळीं शाळेवांचून दुसरें दार क्वचितच उघडे. कांहीं दिवस शिक्षिकेचें काम करून 1939 सालीं त्या एका बिनतारी यंत्रांच्या कंपनींत शिरल्या, त्याहि ग्रंथपाल म्हणून! थोड्याच अवधींत पुस्तकें बाजूस राहून विद्युन्मापनाची प्रयोगशाळा त्यांच्या हातीं आली. 1941 पासून त्या सरकारी रडार-प्रयोगशाळेंत होत्या. पडद्यावरील गोंगाटांतून दूरच्या विमानाचा क्षीण प्रतिध्वनि कसा वेचावा, हा तेथें त्यांचा विषय होता.

युद्ध संपलें, आणि हेंच कसब सूर्याच्या कामीं आलें. सिडनीजवळ डोव्हर हाइट्स येथें समुद्रकांठच्या उंच कड्यावर रडारची अँटेना होती. सूर्य समुद्रांतून वर येऊं लागला म्हणजे त्याच्या लहरी तिच्यावर दोन वाटांनीं येत : एक थेट, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन. ह्या दोहोंचा कधीं मिलाफ होई, तर कधीं त्या परस्परांस मारून टाकीत. त्यामुळें नोंदीच्या कागदावर चढउतार उमटत. अशा रीतीनें समुद्रानेंच दुसऱ्या अँटेनेचें काम फुकट करून दिलें! 26 जानेवारी 1946 च्या पहांटे घेतलेल्या अशा नोंदीवरून, ही प्रखर रेडिओलहर सबंध सूर्यबिंबांतून येत नसून सूर्यावरील डागांच्या एका मोठ्या समूहापाशीं उगम पावते, असें ठरलें. एका नोंदीनें चित्राचा एकच अंश कळतो. निरनिराळ्या अंतरांवरून असे पुष्कळ अंश मिळवून गणितानें जुळविले तर संपूर्ण चित्र उभें करतां येईल, हेंहि त्या निबंधांत स्पष्ट सांगितलें आहे. पुढें पॉट्स हिल येथें बाईंनीं सहकारी लिटल ह्यांच्यासह असें यंत्र उभारलें, कीं त्यानें सूर्यावरील स्फोटाचें स्थान सेकंदास 25 वेळां नोंदतां येई.

आतां दुसरी बाजू. 1944 सालीं बाईंनीं विल्यम हॉल ह्या टेलिफोन-तंत्रज्ञाशीं विवाह केला व ही गोष्ट कचेरींत उघड केली नाहीं. कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणें विवाहित स्त्रीस कायम सरकारी नोकरी ठेवतां येत नसे. सुमारें सहा वर्षें त्या माहेरच्याच नांवानें कामावर जात राहिल्या. 1950 सालीं बिंग फुटलें, आणि त्यांची कायम जागा गेली. तिच्याबरोबर निवृत्तिवेतनाचा हक्कहि गेला. पुरुष सहकाऱ्यांच्या विवाहाची मात्र कोणी चौकशी केली नव्हती. बाईंनीं लबाडी केली असें कोणी म्हणेल. आमच्या मतें लबाडी त्या नियमांतच होती. शिवाय परदेशास नांवें ठेवण्यापूर्वीं आपणहि थोडें थबकावें. आपल्या परराष्ट्रसेवेंत 1961 च्या नियमांप्रमाणें स्त्री अधिकाऱ्यास विवाहापूर्वीं सरकारची परवानगी घ्यावी लागे, सी. बी. मुथम्मा ह्यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ह्या नियमावर कडक ताशेरे झाडले, तें साल 1979. आणि "लग्नानंतर ही नोकरी करणार का?" हा प्रश्न मुलगी पहावयास गेलेल्या मंडळींनीं मुलीलाच विचारलेला आपण साऱ्यांनीं ऐकलेला आहे, मुलाला कोणी विचारल्याचें आम्हांस तरी आठवत नाहीं.

1951 सालीं बाळंतपण जवळ आलें. प्रसूतीची रजा नव्हती. बाईंनीं राजीनामा दिला. त्यानंतर दोनच वर्षांनीं गोविंद स्वरूप हे आपल्याकडील तरुण संशोधक पॉट्स हिल येथें शिकावयास गेले. तेथील 32 लहान थाळ्या पुढें भारतास मिळून 1965 सालीं कल्याण येथें उभ्या राहिल्या, आणि खोडदची दुर्बीणहि स्वरूपांचीच कल्पना. बाई त्या सुमारास घरीं होत्या. मुलगा पीटर पुढें नामांकित गणितज्ञ झाला, मुलगी फिओना नामांकित कलावती.

विवाहित स्त्रियांवरील तो निर्बंध ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें 1966 सालीं उठविला. त्या वेळीं बाई सिडनींतील एका मुलींच्या शाळेंत तीन वर्षांपासून गणित व विज्ञान शिकवीत होत्या.