तीन चित्रक, एक वाफा : फुलाच्या रंगापलीकडील ओळख

निघंटू वाचताना असे वाटते की, अग्नीची जेवढी नावे तेवढी चित्रकाची. दहन, वह्नी, अनल हे सारे पर्याय या एका झुडपाला लाभले आहेत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील यज्जःपुरुषीय अध्यायात दीपन-पाचन करणाऱ्या आणि गुदशोथ, अर्श व शूल यांचे हरण करणाऱ्या द्रव्यांमध्ये चित्रकमूलाला अग्रस्थान दिले आहे. पंचकोल, त्रिमद, चित्रकादी वटी, चित्रकहरीतकी हे सर्व योग त्याच्यावाचून सिद्ध होत नाहीत. नित्य उपयोगातील या द्रव्याचे झुडूप फुलोऱ्यासह आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? प्रस्तुत लेखकाने ते फार उशिरा पाहिले, आणि तेही एका चुकीमुळे. तो अनुभव वैद्यबंधू व औषधी निर्माते यांच्या उपयोगी पडावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

डहाणूहून चारोटीकडे जाताना आशागड लागते. चिकूच्या वाड्यांचा हा परिसर. चिकित्सालयामागील जागेत २०१९ च्या जूनमध्ये मी चित्रकाचा वाफा केला. एका रोपवाटिकेतून 'पांढरा चित्रक' म्हणून सहा रोपे आणली. रोपे जोमाने वाढली, भरगच्च पांढरी फुले आली आणि मी निश्चिंत झालो. पुढे एका शेतकऱ्याने बांधावरचे एक झुडूप मुळासकट आणून दिले. त्यालाही पांढरीच फुले होती. परंतु ती लहान असून लांब तुऱ्यावर विरळ लागलेली होती. दोन्ही झुडपे शेजारी ठेवली, तेव्हा आपण वर्षभर भलत्याच वनस्पतीला पाणी घातले हे ध्यानी आले. माझी सहाही रोपे मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील, शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या निळ्या चित्रकाच्या पांढऱ्या फुलांच्या प्रकाराची होती.

त्यानंतर त्याच वाफ्यात तिन्ही जाती शेजारी शेजारी लावल्या. त्यांची तुलना पुढीलप्रमाणे.

पांढरा चित्रक (प्लंबॅगो झेलॅनिका)

भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने चित्रक म्हणून मान्य केलेली जाती हीच. पाने एकाआड एक व अंडाकृती. देठाचा तळ खोडाला किंचित वेढतो. फुले लहान, पांढरी आणि लांबट तुऱ्यावर. पुष्पकोशावर तळापासून टोकापर्यंत चिकट ग्रंथी असतात. वाफ्यातून फिरून आल्यावर धोतराला जी फळे चिकटून येतात, ती याचीच. बियांपासून रोपे सहज होतात. पाणी साचल्यास मुळे कुजतात, म्हणून आपल्याकडील पावसात उंच गादीवाफा आवश्यक. मुळे बारीक, लांब व तांबूस-तपकिरी. साधारण वर्ष-दीड वर्षाने ती काढण्यायोग्य होतात.

लाल चित्रक (प्लंबॅगो इंडिका, पूर्वीचे नाव रोझिया)

केरळातील वैद्य चित्रक म्हणून प्रामुख्याने हाच वापरतात. पाने मोठी, फुले लाल आणि तुरा लांब. याला बी क्वचितच धरते, त्यामुळे दोन-तीन पेरांची छाट कलमे सावलीत लावावी लागतात. माझ्या वाफ्यात चिकूच्या विरळ सावलीत तो उत्तम राहिला; उन्हाळ्यात मात्र त्याला पाणी चुकवून चालत नाही. मुळे जाड व मांसल. बहुतेक अभ्यासांत यातील प्लंबॅजिनचे प्रमाण पांढऱ्यापेक्षा अधिक आढळले आहे.

निळा चित्रक (प्लंबॅगो ऑरिक्युलाटा)

बंगल्यांच्या कुंपणावर दिसतो तो हा. फुले मोठी, फिकट निळी व गुच्छाने येणारी. पाने लहान असून टोकाकडे रुंद व तळाकडे निमुळती, तळाशी कानासारखे दोन भाग. पुष्पकोशावरील ग्रंथी फक्त वरच्या भागात असतात, खालचा भाग मोकळा. याला भरपूर ऊन लागते आणि छाटणी केली की नव्या फुटीवर फुले येतात. याचा पांढरा प्रकार केवळ रंगावरून ओळखू पाहणाऱ्याला हमखास फसवतो. मात्र पुष्पकोश भिंगाखाली धरल्यास क्षणात निवाडा होतो.

हा भेद केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा आहे, असे कोणी समजू नये. मुळे वाळून, तुकडे होऊन बाजारात आली की पुष्पकोशही नाही आणि पानही नाही. चुन्याच्या निवळीत मुळे टाकली की पाण्याला लालसर रंग चढतो आणि 'माल खरा' असे आपण म्हणतो. वस्तुतः हा रंग प्लंबॅजिन व अल्क यांच्या संयोगाचा आहे आणि प्लंबॅजिन तिन्ही जातींच्या मुळांत असते. मी तिन्ही मुळे वेगवेगळ्या वाट्यांत भिजवून पाहिली. तिन्ही वाट्या रंगल्या. त्यामुळे निवळीच्या रंगावरून द्रव्य दाहक आहे एवढे कळते, जाती कळत नाही. प्रयोगशाळेच्या पट्टीवर केवळ प्लंबॅजिनचा ठिपका दिसला, तरी जाती सिद्ध होत नाही.

दुसरी चूक याहून गंभीर होती. संधिशूलाच्या एका वृद्ध रुग्णाच्या गुडघ्यावर, पांढऱ्या चित्रकाच्या सवयीने, मी ताज्या लाल मुळाचा लेप तेवढाच वेळ ठेवला. सायंकाळी ते परत आले तेव्हा गुडघ्यावर मोठा फोड होता. शतधौत घृताने व्रण भरून आला, परंतु डाग राहिला. त्या गृहस्थांनी मला दोष दिला नाही, हे मला अधिक बोचले. बाह्य प्रयोगात जे त्वचेवर दिसले, ते आभ्यंतर प्रयोगात आतड्याच्या कलेवर दिसणार नाही एवढेच. पांढऱ्या चित्रकमूलचूर्णाची औषधिकोशोक्त मात्रा १ ते २ ग्रॅम आहे; ती जशीच्या तशी लाल मुळाला लावणे धोक्याचे. चुन्याच्या निवळीत शोधन केल्याशिवाय कोणतेही चित्रकमूल पोटात देऊ नये, आणि गर्भिणीस तर शोधितही देऊ नये. गर्भपातासाठी या मुळाचा दुरुपयोग होत आला आहे, हे ग्रामीण भागात काम करणाऱ्यांना सांगणे न लगे.

शोभेच्या झुडपांत अग्नी दडलेला असणे ही केवळ आपल्याकडचीच गोष्ट नाही. युरोपातील बागांत सुगंधी फुलांसाठी डॅफ्नेची झुडपे हौसेने लावतात. त्यांतील डॅफ्ने मेझेरियम या जातीची साल पूर्वी त्वचेवर मुद्दाम फोड आणण्यासाठी वापरली जात असे, आणि तिची लालचुटूक फळे विषारी आहेत. त्याच कुळातील रामेठा आपल्या सह्याद्रीत पिवळ्या फुलांनी बहरतो, आणि त्याचा उपयोग मासे गुंगवण्यासाठी होत असे. बागेत शोभणारी वनस्पती सौम्यच असेल, हा समज तेथेही चुकीचा आणि येथेही.

औषधी निर्मात्यांना तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली, चित्रकमूल घेताना त्याच झुडपाची फुलोऱ्यासह वाळवलेली एक फांदी पुरवठादाराकडून मागावी व ती त्या मालाच्या नोंदीबरोबर जपून ठेवावी. दुसरी, लाल व पांढरी मुळे एका पोत्यात मिसळू देऊ नयेत आणि वेष्टनावर जातीचे नाव स्पष्ट छापावे. तिसरी, फार जुना साठा टाळावा, कारण कालांतराने मुळांची तीक्ष्णता उतरते व मात्रेचा अंदाज चुकतो.

वैद्यमित्रांसाठी एवढेच : अंगणात तीन आळी करावीत आणि तिन्ही चित्रक शेजारी लावावेत. मुळे खणताना हातांना खोबरेल चोळावे व हातमोजे घालावेत. एकदा तिन्ही मुळे स्वतःच्या हाताने काढली की बाजारातील पोत्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. माझी ती सहा झुडपे मी उपटली नाहीत. चिकित्सालयाच्या फाटकाशी ती आजही फुलतात, आणि शिकाऊ वैद्य आले की त्यांना पहिला प्रश्न त्यांच्यासमोरच विचारला जातो : हा चित्रक कोणता?