मुत्सद्द्याने राजीनामा दिला, खलाशाने काय द्यावे?

रशियाच्या परराष्ट्र खात्यात वीस वर्षे नोकरी केलेल्या बोरिस बोंदारेव्ह या मुत्सद्द्याने २३ मे २०२२ रोजी राजीनामा दिला. जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांपुढील रशियाच्या शिष्टमंडळात तो शस्त्रनियंत्रणाचे काम पाहत होता. २४ फेब्रुवारीला रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. आपल्या देशाची एवढी लाज आपल्याला कधीच वाटली नव्हती, असे त्याने सहकारी मुत्सद्द्यांना पत्राने कळविले. पुढे त्याने जे लिहिले ते आम्हाला अधिक मोलाचे वाटते. राजधानीला जे ऐकायला आवडते तेच दूतावास लिहून पाठवू लागतात आणि मग राज्यकर्ते आपल्याच प्रचारावर विश्वास ठेवू लागतात, ही त्याची साक्ष आहे.

परराष्ट्र धोरणावर बोट ठेवून पद सोडणारा माणूस आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाचे कारण सर्वांना पाठ आहे. परंतु १० ऑक्टोबरच्या निवेदनात परराष्ट्र धोरण हेही कारण त्यांनी स्पष्ट मांडले होते. देशाच्या ३५० कोटींच्या महसुलाचा फार मोठा वाटा लष्करावर जातो, कारण अडचणीत धावून येईल असा मित्र आपण ठेवलेला नाही, हा त्यांचा आक्षेप होता. हे बिल कोण भरतो, हा त्यामागचा प्रश्न होता.

तो प्रश्न घेऊन डहाणू-तलासरीला यावे. पावसाळा सरला की येथील आदिवासी तरुण उचल घेऊन पोरबंदर, वेरावळ, ओखा या बंदरांवर खलाशी म्हणून जातात. बोट मालकाची, जाळे मालकाचे, दिशा ठरविणारा तांडेल. सर क्रीकचा वाद दोन देशांनी मिटविला नाही, म्हणून समुद्रातील सीमाही ठरलेली नाही. मासळीमागे बोट पुढे गेली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती पकडते आणि खलाशी कराचीच्या मालीर तुरुंगात जातो. मार्च २०२४ मध्ये डहाणू-तलासरी भागातील एक खलाशी तेथेच मरण पावला. मृतदेह गावी पोहोचायला महिन्याहून अधिक काळ लागला.

कायदा काय म्हणतो? १९८२ च्या सागरी कायदा कराराचे कलम ७३ सांगते की, अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीच्या गुन्ह्याला, संबंधित देशांत तसा वेगळा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही हा करार स्वीकारलेला आहे. २१ मे २००८ रोजी दोन्ही देशांनी कैद्यांबाबत आणखी एक करार केला. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला याद्या द्यायच्या, तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट घेऊ द्यायची, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की एका महिन्यात सोडायचे.

एक महिना! २०२५ च्या मे महिन्यात दोन्ही देश एकमेकांवर क्षेपणास्त्रे डागत होते. तरी १ जुलैला याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ भारतीय मच्छीमार होते, भारताच्या यादीत ८१ पाकिस्तानी. शिक्षा भोगून झालेले आपले १५९ मच्छीमार व नागरी कैदी सोडा, असे भारत सरकारनेच त्या दिवशी सांगितले. म्हणजे यादीचे कलम जिवंत आहे आणि सुटकेचे कलम आजारी आहे. २०२३ च्या मे-जूनमध्ये पाकिस्तानने सुमारे ४०० मच्छीमार सोडले, ते सद्भावना म्हणून. करारातला हक्क असा बक्षिसासारखा वाटला जातो. संबंध बरे असले की माणसे सुटतात, बिघडले की अडकतात. आपल्याकडील पाकिस्तानी मच्छीमारांच्या बायकापोरांचीही हीच गत आहे, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती २००७ साली कैद्यांसाठी नेमली गेली होती. तुरुंगात जाऊन ती कैद्यांना भेटत असे. तिची शेवटची भेट २०१३ मधली. ती पुन्हा सुरू करायला कोणत्या शिखर परिषदेची गरज आहे?

दिल्ली-इस्लामाबादचे जे व्हायचे ते होवो, एक काम पालघर जिल्ह्यातच होण्यासारखे आहे. राष्ट्रीयत्वाच्या खात्रीवर तो एक महिना सुरू होतो. ही खात्री खलाशाच्या घरातील कागदांवर अवलंबून, आणि घर पाड्यावर, बोट गुजरातची, मतदार महाराष्ट्राचा. माणूस पकडला गेल्यावर दाखले शोधत तालुक्याला खेपा घालायच्या त्या आईने किंवा बायकोने, रोजंदारी बुडवून. त्यापेक्षा कोण कोणत्या बंदरावर, कोणाच्या बोटीवर निघाला याची नोंद आणि त्याच्या कागदांची एक प्रत ग्रामपंचायतीत व तहसील कचेरीत ठेवली तर जिल्हा पोलिसांचा अहवाल काही दिवसांत दिल्लीला जाऊ शकेल. यासाठी परराष्ट्रमंत्री लागत नाही. ग्रामसेवक आणि तलाठी पुरेत, मात्र नोंद हंगाम सुरू होण्याआधी झाली पाहिजे.