तीन बाजूंनी नर्मदा, चौथीकडे खंदक

जबलपूरच्या राइट टाउनमधून सुट्टीत कान्हाला निघालेल्या गाड्या मंडल्याला थांबतात त्या जेमतेम चहापुरत्या. वाघ पाहण्याची घाई असते ना! पण जबलपूरहून सुमारे 95 किलोमीटरवरचे हे जुने गाव एक दिवस सवडीने पाहावे असे आहे. मराठी कुटुंबांनी तर ते मुलांना मुद्दाम दाखवावे.

नर्मदेने येथे असे वळण घेतले आहे की किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणीच पाणी. उरलेल्या चौथ्या बाजूला खंदक खोदला की काम झाले! जर्मनीतले वासरबुर्ग हे जुने गावही इन नदीच्या अशाच वळणात वसले आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोंड राजा नरेंद्रशहाने रामनगरहून राजधानी येथे हलवली. आज किल्ल्याचे थोडेच अवशेष उरले आहेत. आत राजराजेश्वरीचे मंदिर आहे.

इतका बंदोबस्त असूनही 1742 मध्ये मंडला पडले. चाल करून आले होते नानासाहेब पेशवे. राजा महाराजशहा लढाईत मारला गेला आणि त्याच्या मुलावर चौथाई बसली. पुढे 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंडांचे राज्यच संपवले. त्यानंतर नागपूरकर भोसले आले आणि 1818 मध्ये इंग्रज.

मराठी घरांतली मुले पेशव्यांच्या स्वाऱ्या विजयाच्या कथा म्हणून ऐकतात. त्याच स्वारीत दुसऱ्या कुणाचे राज्य खालसा होत होते, हे मंडल्याच्या पडक्या भिंतींजवळ उभे राहिल्यावर सहज समजते. याच गोंड घराण्यातले शंकरशहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना इंग्रजांनी 1857 मध्ये जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले, हेही मुलांना सांगावे.

हाताशी वेळ असेल तर रामनगर गाठावे. तेथे हिरदेशहाचा मोतीमहाल नर्मदेकाठी उभा आहे. त्यातल्या 1667 च्या संस्कृत शिलालेखात गोंड राजांची वंशावळ कोरलेली आहे. गावाजवळच्या सहस्रधारेत नर्मदा काळ्या खडकांतून असंख्य धारांनी फुटते. सहस्रार्जुनाने आपल्या हजार हातांनी तिला अडवू पाहिले, अशी कथा सांगतात.

हिवाळ्याचे दिवस या सहलीला उत्तम. पावसाळ्यात मात्र खडकांवर आणि घाटाच्या पायऱ्यांवर मुलांचा हात सोडू नये.