फी माफ झाली, तरी मुलगी घरी का बसली?

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. निर्णय चांगलाच आहे. पण तेव्हापासून एक वाक्य सर्रास कानावर येतं: ‘मुलींना आता सगळं फुकट आहे, वेगळी शिष्यवृत्ती कशाला?’

फुकट झाली ती फी. खोलीभाडं, मेस, पुस्तकं, दवाखाना यांचा त्यात समावेश नाही. गावातून कॉलेजात जाण्याचा खर्चही नाही. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण तो बारावीपर्यंतच. ज्या मुलीला परतायला घरच नाही, किंवा ज्या घरातून तिला बाहेर काढलं आहे, तिच्या हिशेबात फी ही सगळ्यात छोटी रक्कम असते.

हा हिशेब अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण पट्ट्यात, पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे नीट दिसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने आईबाप फडात असतात. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि मुकादमाची उचल जोडप्याला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला मिळते. मुलीचं लग्न लावलं की काळजी मिटते आणि नवा कोयताही तयार होतो. ‘अडाणी लोक, त्यांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही,’ असं म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः मांडून पाहावं. अशा घराला शाळेची फी माफ करून काय उपयोग? त्या सहा महिन्यांत मुलीला राहायला सुरक्षित जागा हवी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली ती याच कारणानं. तिच्या पहिल्या टप्प्यातल्या तालुक्यांत पाथर्डी आणि जामखेड होते. अशा वसतिगृहातली एक खाट, माझ्या मते, चार बक्षीस समारंभांपेक्षा जास्त लग्नं थांबवते.

हे शहाणपण नवं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं पैसे देण्याची हमी घेतली होती. त्यातून विधवांच्या शिकण्याबरोबर राहण्या-जेवण्याचीही सोय झाली. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. बरोबर शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये, नगरमध्ये गिरीश कुलकर्णी यांनी ‘स्नेहालय’ सुरू केलं. देहविक्रय करणाऱ्या बायकांची मुलं त्या वस्तीबाहेर सुरक्षित वाढावीत, तिथून सुरुवात झाली.

‘शिष्यवृत्ती हुशार मुलींसाठी असते,’ हा दुसरा समज. गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या आहेत आणि असाव्यात. पण छळातून, बालविवाहातून किंवा देहविक्रयाच्या वस्तीतून सुटलेल्या मुलीची दोन-तीन वर्षं शाळेबाहेर गेलेली असतात. तिच्याकडे पंच्याऐंशी टक्के मागणं म्हणजे तिला दारातूनच परत पाठवणं. मलावीत झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात काही मुलींना शाळेत हजर राहण्याच्या अटीवर पैसे दिले, काहींना विनाअट. शाळेतली गळती अटीमुळे जास्त रोखली गेली. पण ज्यांची शाळा सुटलीच, त्यांची लवकर होणारी लग्नं आणि बाळंतपणं विनाअट पैशांनी थोपवली. सगळ्यात अडचणीतल्या मुली याच, शाळा सुटलेल्या गटातल्या असतात.

‘लग्न झालं, आता कसलं शिक्षण!’ हे तर अगदी चुकीचं. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं आणि पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. बालपणी लावलेलं लग्न रद्द करून घेण्यासाठी मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत न्यायालयात जाता येतं, २००६ च्या कायद्यानं. अठरा ते वीस हीच ती वर्षं, आणि नेमका तेव्हाच हातात पैसा नसतो.

अठरा पूर्ण झाली की बालगृहातली मुलगी आपल्या पायावर उभी राहिली, असं मानणारेही पुष्कळ आहेत. आपल्या घरातली अठराची मुलगी आपण बाहेर काढतो का? बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, आणि मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिना चार हजार रुपये. पदवीला तीन वर्षं, नर्सिंगच्या पदवीला चार. शिवाय मध्ये शाळा सुटलेली मुलगी बारावी होते तीच मुळी वीस-एकविसाची असताना. सरकारी मदत संपते आणि अभ्यासक्रम उरतो. देणगीदारांचा पैसा तिथं सगळ्यात जास्त कामाचा.

‘योजना आहेत, पण मुली अर्जच करत नाहीत’ असंही ऐकू येतं. महाडीबीटीवर अर्ज भरायला आधारशी जोडलेलं खातं, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तिथं जातीचा दाखला आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका लागते. पळून सुटलेली मुलगी घरातून कागद घेऊन निघत नाही. जातीचा पुरावा सहसा वडिलांच्या बाजूचा मागतात. ज्या वडिलांपासून ती सुटली, किंवा जे कधी नव्हतेच, त्यांचा पुरावा तिनं कुठून आणायचा? अविवाहित आईला वडिलांचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. देहविक्रय करणाऱ्या बायकांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार मिळावं, असा आदेश मे २०२२ मध्ये दिला. हे निकाल माहीत असलेलं माणूस सोबत असेल तर सेतू केंद्रातला हेलपाटा वाचतो. म्हणून कागदांच्या कामासाठी नेमलेल्या कार्यकर्त्याचा पगार हासुद्धा शिष्यवृत्तीचाच खर्च धरायला हवा. देणगीदारांना तो ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून खुपतो.

शेवटचा समज देणाऱ्यांचाच आहे: पैसे दिले तर मुलीची कहाणी आणि फोटो मिळायला हवा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा अल्पवयीन मुलीची ओळख उघड होईल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. देणगीदाराला मागता येईल तो हिशेब: किती महिन्यांची मेस भरली, किती मुली पुढच्या वर्षात गेल्या, किती जणी मध्येच थांबल्या आणि कशामुळे.