शाळेत न जाणारा भाचा आणि एकास सदतीसचा घाट

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळाला नाही किंवा ज्यांचा दिवसाचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा छाटलेत.

विषय आहे होमस्कूलिंग. आता तुम्ही म्हणाल, आमचं लग्न ठरेना आणि हा पोरांच्या शाळेचं काय घेऊन बसलाय! पण हा प्रश्न माझ्या घरात आलाय. माझा भाचा दहा वर्षांचा आहे आणि गेली दीड वर्षं शाळेत जात नाही. दाजी साईट इंजिनिअर. आज इथे पूल, उद्या तिथे रस्ता. चार वर्षांत पोराच्या तीन शाळा झाल्या. दर वेळी नवे सर, नवा गणवेश, नवे मित्र. तिसरीनंतर ताई म्हणाली, आता बास. आपण फिरतोच आहोत, तर फिरता फिरताच शिकवू.

आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही. मलाही सुरुवातीला नव्हतंच पटलं. बी.टेक. होईपर्यंत मी आयुष्यात परीक्षेशिवाय काही केलेलं नाही, त्यामुळे परीक्षा नसलेलं शिक्षण म्हणजे मला टेस्ट न करता प्रॉडक्शनला टाकलेला कोड वाटायचा.

मग एक प्रवास झाला. तो जरा सविस्तर सांगतो.

आम्ही मुंबईहून पुण्याला ट्रेनने येत होतो. गाडी कर्जतला थांबली. सगळे वडापाव घ्यायला दाराशी, आणि भाचा मात्र शेवटच्या डब्याकडे पळाला, कारण तिथे मागून इंजिन लावत होते. परत येऊन पहिला प्रश्न, "मामा, मागून का लावलं? ओढायला पुढे लावतात ना?" मी इंजिनिअर, पण सॉफ्टवेअरचा. गप्प बसलो. दाजींनी सांगितलं की सगळी गाडी पुढूनच ओढली तर पुढच्या डब्यांच्या जोडण्यांवर फार ताण येतो. मागून रेटा दिला की ताण वाटला जातो. शिवाय एखादी जोडणी तुटलीच, तर मागचे डबे उतारावरून घरंगळत नाहीत. पोराने हे दोन मिनिटं चघळलं आणि विचारलं, "घाट किती चढाचा आहे?"

बोरघाटातला सगळ्यात तीव्र चढ एकास सदतीस आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. घरी आल्यावर त्याने फूटपट्टी घेतली, पुठ्ठा ३७ सेंटिमीटरचा कापला आणि एका टोकाखाली १ सेंटिमीटर जाडीच्या वह्या ठेवल्या. बघून वैतागलाच. "हे तर सपाटच आहे! एवढ्यासाठी जादा इंजिनं?" ताई काही बोलली नाही, तिने पुठ्ठ्यावर एक गोटी ठेवली. गोटी घरंगळत खाली. मग खोडरबर ठेवलं. ते जागचं हललं नाही. तिथून गप्पा लोखंडी चाक, लोखंडी रूळ आणि टायर यांच्यावर गेल्या. एसटी याहून कितीतरी उभा घाट चढते, ती रबर आणि डांबर यांच्या घर्षणावर. लोखंडावर लोखंड छान पळतं, पण चढावर त्याला पकडच कमी. हे मी बारावीत सूत्र म्हणून पाठ केलं होतं. गोटी कुणी ठेवली नव्हती.

आता खरी गंमत. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. भाच्याने ठरवलं की आपण किती मीटर वर चढलो ते काढायचं. २८,००० भागिले ३७. ज्या पोराला भागाकार म्हटलं की पोटात दुखायचं, तो अर्धा तास वहीत डोकं घालून बसला. दोनदा चुकला. शेवटी उत्तर आलं साधारण ७५७. आणि लोणावळा समुद्रसपाटीपासूनच ६२२ मीटरच्या आसपास आहे. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खालच्या कोपऱ्यात उंची लिहिलेली असते, पुढच्या वेळी बघा. पोरगं ओरडलं, "म्हणजे आपण लोणावळ्याच्या वर हवेत पोचलो!"

शाळेत इथे लाल फुली बसली असती. इथे वाद बसला. भागाकार पुन्हा तपासला, तो बरोबर. मग चुकलं काय? रात्री जेवताना त्याचं त्यालाच सुचलं, की घाट सगळीकडे सारखा चढत नसेल. एकास सदतीस हा सर्वांत तीव्र भाग आहे, आणि आपण तो पूर्ण २८ किलोमीटरला लावला. मंडळी, मी ऑफिसमध्ये याच प्रकारचा बग तीन दिवस शोधलाय. इनपुट गृहीत धरलेलं चुकीचं, कोड बिचारा बरोबर.

त्याच ओघात इतिहासही आला. घाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ मध्ये घाट गाड्यांसाठी खुला झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ते काम पुढे नेलं. हजारो मजूर कॉलऱ्यासारख्या रोगांनी आणि अपघातांनी गेले. भाच्याने विचारलं, त्यांची नावं कुठे लिहिलीत? याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, वा, शाळा बंदच करून टाका. थांबा. तीन आठवड्यांनी मी त्याला ९६२ भागिले २६ दिलं. जमलं नाही. विसरला होता. आणि हीच गोष्ट रीलवाले सांगत नाहीत. डोंगर, समुद्र, पाठीवर सॅक घेतलेली गोड मुलं, 'जग हीच शाळा' वगैरे. प्रवासाने प्रश्न मिळतो, भूक लागते. सराव घरीच करावा लागतो, रोज, कंटाळवाणा, आणि तो करून घेणारं माणूस लागतं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे ताई. तिने नोकरी सोडली. 'आम्ही शिकवतो' म्हणताना दाजींच्या वाट्याला गोष्टी सांगायचं काम येतं आणि ताईच्या वाट्याला पाढे, शुद्धलेखन नि रडारड. हे मी दाजींना तोंडावर सांगितलंय. आता रविवारी शुद्धलेखन ते घेतात.

रोजच्या कामातलं शिक्षण मात्र प्रवासापेक्षा स्वस्त आणि माझ्या मते जास्त टिकाऊ आहे, कारण ते पुन्हा पुन्हा येतं. मंडईत पाव किलो गवारीचा हिशोब दर आठवड्याला होतो. वीजबिल आलं की तो युनिट मोजतो. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट, म्हणजे २००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. हे कळल्यापासून दाजी आंघोळीला गेले की हा बाहेर घड्याळ घेऊन उभा असतो. इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही, हेही त्याने दोन भांडी वेगवेगळ्या जागी ठेवून पाहिलंय. एक भांडं वाया गेलं. आज्जी भडकली.

आता कागदपत्रं, कारण अनेकांच्या गाड्या इथे अडतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयासाठी. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूद त्यात नाही. होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेखही नाही. त्यामुळे सगळं धूसर. दहावीसाठी बहुतेक जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएसकडे जातात. १४ वर्षं पूर्ण हवीत, किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म वेगळा, त्याला आधी शाळेत शिकल्याचा दाखला लागतो. तेव्हा शाळेतून काढताना दाखला घेऊन फाईलला लावा, त्याची झेरॉक्स नको, मूळ प्रत.

आणि प्लीज, कुणी मालविका राज जोशीचं उदाहरण देऊ नका. मुंबईची मुलगी, सातवीनंतर शाळा सोडली, प्रोग्रॅमिंग ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं, २०१६ मध्ये थेट एमआयटी. जबरदस्तच आहे ती. पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचं दार तिला बंद होतं, हेही त्याच गोष्टीत आहे. एका मालविकेवरून आपल्या भाच्याचा अंदाज बांधणं म्हणजे एका यशस्वी स्टार्टअपवरून नोकरीचा राजीनामा देणं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? दुपारी बारा ते चार. सोसायटीतली पोरं शाळेत, आणि हा गॅलरीत. पिवळी बस वळणावर दिसली की चपला शोधायला धावतो. ताईने आता त्याला कबड्डीला घातलंय, आठवड्यातून चार दिवस. सातवीत पुन्हा शाळेत जायचं का, हे त्यालाच विचारायचं ठरलंय. विचारलं तर म्हणाला, "सुट्ट्या असतात का त्यात?"

पुढच्या रविवारी आम्ही पुण्याहून कर्जतला जातोय, फक्त जायला आणि यायला. त्याचा नवा प्रश्न आहे, चढताना मागून रेटा लागतो, मग उतरताना एवढी जड गाडी ब्रेकवर कशी आवरते? वही घेतलीय. मी या वेळी आधी वाचून जाणार आहे.